मुहूर्ताचं तेल

गाडी आमच्याकडं आली तेव्हा तिच्या डिकीत मेलेला मासा होता. सांगलीत महापूर शिरला तेव्हा कुणा डॉक्टरांच्या बंगल्याखाली ती बुडाली होती. दोन दारांची, दोनच सीटांची, लाल, जमिनीला पोट घासत चालल्यासारखी दिसणारी स्पोर्ट्स कार. पाणी ओसरल्यावर विम्यावाल्यांनी ती मेली असं ठरवलं, डॉक्टरांनी दुसरी घेतली, आणि ही भंगाराच्या आवारात गाळ पांघरून पडून राहिली. अब्बा तिथं ब्लोअरचा गिअरबॉक्स शोधायला गेले होते. द्राक्षबागेत औषध फवारणारे ब्लोअर दुरुस्त करणं हा आमच्या घरचा धंदा. गिअरबॉक्स मिळाला नाही, येताना ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं ही बांधून आणली. अम्मीनं दारातून बघितलं, नाकाला ओढणी लावली आणि विचारलं, "ह्यात चौघं बसायचे कसे?" अब्बा म्हणाले, "बसायला न्हाई आणली. उघडायला आणली." घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण इथं मी सगळं मराठीतच लिहिणार आहे, कारण पुढचं भांडण मराठीत झालं.

तिशी गाठायच्या आत आठवणी कसल्या लिहितेस, असं मला लोक विचारतात. त्यांना वाटतं राग थंड झाल्यावर लिहावं. माझं म्हणणं उलटं आहे. राग थंड झाला की माणूस समजूतदार होतो आणि समजूतदार माणसं अर्धी गोष्ट गिळून टाकतात. मी ती पूर्ण सांगणार आहे.

तासगावच्या बाहेर आमचे जागामालक भाऊ यांची बेदाण्याची शेड होती. तिच्या एका कोपऱ्यात अब्बांचं गॅरेज आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. शेड म्हणजे लोखंडी अँगलचे उंचच उंच कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर ताणलेली हिरवी जाळी. हंगामात त्यावर द्राक्षं वाळतात, बाकीच्या दिवसांत त्यातून नुसता वारा वाहतो. त्या रिकाम्या जाळ्यांवर अब्बांनी अख्खी गाडी वाळत घातली. खालच्या मजल्यावर सीट, त्याच्या वर गालिचे, दारांच्या आतली कापडं, आणि सगळ्यांत वर, जिथं ऊन तिरपं येतं तिथं, वायरिंगचा तो प्रचंड गुंता पसरून. शाहीनआपा आणि मी टूथब्रश आणि पेट्रोलची वाटी घेऊन एकेक जोड साफ करत बसायचो. सॉकेटमधून कृष्णेचा गाळ निघायचा, बारीक, चॉकलेटी, पावडरीसारखा. शेडवर येणारा प्रत्येक माणूस मान वर करून बघायचा आणि काहीतरी टाकून जायचा.

"काय उस्ताद, गाडीचा बेदाणा करताय व्हय?"

"व्हय."

"जात कुठली? सोनाका का थॉमसन?"

"चव घेऊन बघा की," अब्बा म्हणायचे, "डिकीकडनं सुरुवात करा."

अब्बांची काम करायची रीत ठरलेली होती. खोललेला प्रत्येक भाग जुन्या दस्तरखानावर, म्हणजे जेवायला बसताना अंथरतो त्या लांब कापडावर, निघाला त्या क्रमानं मांडायचा. जोडताना उलट्या टोकाकडून उचलत यायचं. त्या कापडावरून कुणी ओलांडून जायचं नाही, मांजरानंसुद्धा नाही. अम्मीचं सगळ्यांत चांगलं दस्तरखान असं इंजिनाखाली गेलं, आणि कित्येक महिने आम्ही शुक्रवारचा दालचा-भात वर्तमानपत्रावर खाल्ला. "पिस्टनला मांडी घालायला कापड, आन् माझ्या पोरींला बातम्या," असं म्हणत ती वाढायची. भाकरी, खर्डा, तव्यावरचे बोंबील, आणि सगळ्याला डिझेलचा हलका वास. सकाळी शेडच्या पत्र्यावर कबुतरं नाचायची, मग कॉम्प्रेसर धडधडायला लागायचा, मग अब्बांचा हातोडा. मी त्या आवाजात अभ्यास केला. आजही अगदी शांत खोलीत मला चार ओळी लिहिता येत नाहीत.

गाडी आम्ही तिघांनी उभी केली. प्लग काढून, हातानं इंजिन फिरवून पोटातलं पाणी बाहेर काढलं. डिझेलनं पुन्हापुन्हा धुतलं. गॅस्केट जाड कागदाच्या शीटमधून कात्रीनं कापली. चाकांचे बेअरिंग बदलले. ती बऱ्यापैकी जुनी होती म्हणून जमलं. हल्लीच्या गाडीला कंपनीचा कॉम्प्युटर जोडल्याशिवाय बोनेटखालचं काही कळू द्यायचं नाही असा यांचा धंदा आहे. त्यावर मी वेगळं पत्रक काढलं आहे, इथं थांबते.

शाहीनआपा माझ्याहून मोठी, आणि माझ्याहून शांत. तिचे पाय पेडलपर्यंत पोचले तेव्हापासून ती ट्रॅक्टर चालवत होती. त्या वर्षी तिनं एस.टी.च्या चालक भरतीची परीक्षा दिली होती. मैदानावर बस आठाच्या आकड्यात फिरवून, उलटी घेऊन, चढावर थांबवून ती पास झाली होती आणि प्रशिक्षणाच्या बोलावण्याची वाट बघत होती. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात सरकारी नोकरीच्या एवढ्या जवळ कुणी गेलं नव्हतं. मोहल्ल्यात काहीजण म्हणायचे, बाईमाणसानं एस.टी. हाणायची व्हय? आपा म्हणायची, "हाणायची न्हाई चाचा, चालवायची. हाणत तुमी असता म्हणून तर मागचे लोक ओकत्यात."

ब्रेकचं काम आम्हां दोघींकडं होतं. आतले गंजलेले भाग घासून, सगळी रबरं नवी घालून, नवीन ब्रेक ऑईल भरून नळ्यांतली हवा काढायची. हे एकट्याचं काम नाही. ती आत बसून पेडल दाबायची, मी चाकापाशी आडवी पडून नळीचं बारकं तोंड सैल करायची. "दाब. दाब. धर!" की मी सोडायची, बुडबुड्यांसकट तेल बाटलीत यायचं, मी आवळायची, "सोड." चारी चाकांना, बुडबुडा दिसायचा बंद होईपर्यंत. मग जागा बदलून पुन्हा. अब्बांचा नियम होता की ब्रेक दोघांनी करायचा आणि दोघांची खात्री पटली पाहिजे. तिसऱ्याचा हात त्याला लागता कामा नये. शेवटी अब्बांनी स्वतः बसून पेडल दाबलं, पायाला दगडासारखं कडक लागलं. ते आपाकडं बघून हसले. रंग नवा मारला नव्हता, एक दिवा दुसऱ्याच गाडीचा होता, पण ती गाडी थांबत होती. हे मी इतकं सविस्तर का सांगते ते पुढं कळेल. आम्ही घरी केलं म्हणून कच्चं केलं, असं ज्यांनी नंतर तोंड वर करून म्हटलं, त्यांच्यातल्या एकानंही आयुष्यात स्वतःच्या गाडीखाली डोकं घातलं नव्हतं.

आता भाऊंबद्दल. भाऊ वाईट माणूस नव्हेत, हीच माझी अडचण आहे. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती. अब्बांचं गॅरेज त्यांनी कधी कोपऱ्यातून हलवलं नाही. ईदच्या आदल्या दिवशी शिरखुर्म्यासाठी त्यांच्या घरून दुधाची किटली आणि निवडक बेदाणा यायचा. मला ते "बाळ" म्हणायचे आणि माझ्या पहिल्या भाषणाला सांगलीच्या कॉलेजात पहिल्या रांगेत येऊन बसले होते. हंगाम सुरू व्हायच्या दिवशी त्यांच्या शेडवर एक रिवाज होता. द्राक्षं वाळत घालायच्या आधी पावडर आणि एका पिवळसर तेलाच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीतून पाणी लवकर सुटतं. त्याला आमच्याकडं डिपिंग ऑईल म्हणतात. नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं की भाऊ त्या तेलाचा पहिला कॅन स्वतः उघडायचे आणि शेडमधल्या प्रत्येक यंत्राला त्यातलं थोडं द्यायचे. पंपाच्या चाकावर थेंब, वजनकाट्याच्या दांडीवर थेंब, कन्व्हेअरच्या साखळीवर धार. याला ते मुहूर्ताचं तेल म्हणायचे. त्या वर्षी मी सांगलीत होस्टेलवर होते, आपा आणि अब्बा पलूसला कुणाच्यातरी बागेत ब्लोअर बसवायला गेले होते. रविवारी मी घरी आले तर लाल बोनेटवर कुंकवाची पाच बोटं. मला बरंच वाटलं तेव्हा. आपली गाडी शेडच्या यंत्रांत धरली, असं.

पुढच्या एका रविवारी अब्बा आपाला म्हणाले, "आता गाडीला घाट दाखवून आण." साताऱ्याला आमची खाला, अम्मीची बहीण, राहते. तिच्याकडं जेवून आम्ही दोघी वरच्या पठारावर गेलो, तासभर वारा खाल्ला आणि उतरायला लागलो. दुसऱ्या वळणावर जळका वास आला. तिसऱ्या वळणाच्या आत आपा अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नसीम, पाय खाली जातोय." पेडल जमिनीला टेकलं होतं. पुढं उतार, डाव्या बाजूला दरी, समोरून येणारी माणसांनी भरलेली जीप. मी किंचाळले असेन.  आपानं गिअर खाली पाडले, इंजिन असं ओरडलं की मला वाटलं फुटलं. हँडब्रेक हळूहळू ओढत आणला, जीपला जागा दिली आणि गाडी उजवीकडं डोंगराच्या अंगाला घातली. पत्रा दगडावर घासत घासत गेला. थांबता थांबता आमचा कोपरा कणसं भाजणाऱ्या एका माणसाच्या गाड्याला लागला, गाडा त्याच्यावर पडला आणि त्याचा हात मोडला. निखारे रस्त्यावर सांडले. आपा दार ढकलून बाहेर पडली आणि आधी त्याच्याकडं धावली.

माणसं मोबाईल घेऊन धावली. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत सगळीकडं फिरत होती: चेपलेली लाल स्पोर्ट्स कार, तिच्यापाशी उभी ओढणीवाली मुलगी, आणि खाली हसणाऱ्या तोंडांची माळ. पापा की परी. बापाचा पैसा. बाईच्या हातात स्टिअरिंग दिल्यावर काय होणार. जिनं माणसांनी भरलेली जीप वाचवली तिला ही दुनिया एका संध्याकाळीत विनोद करून मोकळी झाली. त्यातल्या प्रत्येकाला घाटात बिनब्रेकच्या गाडीत एकटं बसवावं, अशी माझी तेव्हा इच्छा होती. आजही फार बदललेली नाही.

चौकीत हवालदारांनी आपाला बसायला खुर्ची दिली नाही. भरधाव वेगानं, निष्काळजीपणे, असं लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, ब्रेक गेला होता. ते म्हणाले, "गाडी कुणी दुरुस्त केली?" आपा म्हणाली, घरी, अब्बांनी. पेन थांबलं. "मग वडलांच्या नावावर घ्यायचं का? साहेब गाडी तपासतील, ब्रेकमध्ये दोष निघाला तर घरगुती दुरुस्ती म्हणून वडील अडकतील. नाही निघाला तर तू. बघा दोघी विचार करून." असा तो न्याय होता. पोरगी नाहीतर बाप, कुणातरी एकाला गुन्हेगार म्हणून आणून द्या. आपावर गुन्हा राहिला तर एस.टी. तिला दारात उभं करणार नव्हती. अब्बांवर राहिला तर त्यांच्याकडं ब्लोअर कोण आणणार होतं? त्या रात्री खालाच्या घरी आपा मला एवढंच म्हणाली, "अब्बांचं नाव घेऊ नको. बस न्हाई तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी अब्बा आले. चौकीच्या आवारात गाडी उभी होती. त्यांनी बोनेट उचललं, ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण फिरवलं, बोट बुडवून नाकाशी नेलं. मग पटकन झाकण लावून बोट पँटला पुसलं. त्यांचा चेहरा बघून मी झाकण पुन्हा उघडलं. तासगावच्या पोरीला तो वास सांगावा लागत नाही. आमची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्या वासाची असते. ब्रेक ऑईलमध्ये डिपिंग ऑईल. अब्बांनी डबीखालचा ब्रेकचा भाग सोडवून आतलं रबर बाहेर काढलं. नवं घातलेलं, करकरीत रबर भिजवलेल्या मनुकेसारखं टम्म फुगलं होतं. दुसरं तेल मिसळलं की ही रबरं फुगतात. ब्रेक धरतो तो सोडत नाही, तापत तापत जातो आणि मग एकदम काहीच उरत नाही. अब्बांनी ते रबर खिशात घातलं आणि म्हणाले, "चल."

"चल काय? आत जाऊन दाखवा!"

"नसीम, चल म्हणतो ना."

शेडवर आम्ही पोचलो तेव्हा बेदाणा निवडायचं काम चालू होतं. निवडणाऱ्या बायकांत रंजनामावशी होती. तिला मी विचारलं, मुहूर्ताच्या दिवशी आमच्या गाडीला काय झालं? ती अगदी कौतुकानं सांगायला लागली. "आगं, भाऊंनी समद्यांला तेल दिलं, मग म्हणले, उस्तादांची गाडी तेवढी कशाला उपाशी? गाडीचं फुडचं टोपण उचललं, आत एक झाकण हुतं ती खोललं आन् चांगलं वतलं बग. लय मायेनं." मायेनं. ब्रेकच्या डबीत. झाकणावर इंग्रजीत ठळक सूचना होती, पण मायेला वाचायची गरज नसते.

भाऊ वजनकाट्यापाशी होते. मी सरळ गेले. म्हटलं, भाऊ, साताऱ्याला चला आणि एवढं एक वाक्य सांगा की चुकून तेल मी घातलं. तुम्हाला कुणी फाशी देणार नाही. आपाची नोकरी वाचेल, अब्बाही सुटतील. भाऊंनी काट्यावरची पेटी खाली उतरवली. मग म्हणाले, "आगं बाळ, मी काय मेकॅनिक हाय व्हय? पूजेचं तेल ती. पूजेच्या तेलानं कुणाचा ब्रेक जातोय व्हय?"

"जातो. रबर अब्बांच्या खिशात आहे."

"मग तुमच्या रबरातच खोट आसंल." आणि कामगारावर ओरडायला वळले.

मी अब्बांवरही ओरडले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ते दस्तरखानाशेजारी उकिडवे बसले होते. त्यावर आता एकही भाग नव्हता. ते म्हणाले, "तुला वाटतंय मला कळत न्हाई? पूजेच्या तेलानं ब्रेक गेला आसं मी चौकीत सांगितलं, की उद्याच्याला मोबाईलवर काय फिरंल? तेलाचं कोण बोलणार न्हाई, बाळा. माझ्या नावाचं बोलतील. पूजेला नावं ठेवतोय म्हणतील. मग भाऊंला वाटलं तरी त्यांला मला शेडमदी ठेवता यायचं न्हाई." अम्मी चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापत होती, थापायचा आवाज तेवढा जोरात येत होता. खरी गोष्ट माहीत असलेला, हातात पुरावा असलेला माणूस आपल्या नावाला भिऊन गप्प बसतो. ज्यांना हे रोज सोसावं लागत नाही ते याला समजूतदारपणा म्हणतात, सलोखा म्हणतात, गावाची परंपरा म्हणतात. मी याला तोंडात बोळा कोंबणं म्हणते.

सांगलीत आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींचा एक गट होता, होस्टेलच्या पाण्यापासून बसपासपर्यंत कशावरही पत्रकं काढणारा. लिहायचं कसं ते मी तिथं शिकले: पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत कोणाचा, आणि विशेषण एकसुद्धा नको. मी त्याच रात्री बसून लिहिलं. मथळा होता: ब्रेक का लागला नाही? खाली फुगलेल्या रबराचा आणि नव्या रबराचा फोटो शेजारी शेजारी. ब्रेक ऑईल म्हणजे काय, डिपिंग ऑईल म्हणजे काय, एकात दुसरं मिसळलं की काय होतं. शेवटी: हे तेल एका माणसानं घातलं. ते चुकून घातलं. एका तरुणीची नोकरी त्याच्या एका वाक्यावर अडली आहे. ते वाक्य तो केव्हा बोलणार? नाव मी घातलं नाही. पूजेचा शब्दही घातला नाही, तेवढी अब्बांची भीती मी मानली, आणि मानली याचा मला आजही संताप येतो.

तासगावच्या स्टँडवर, बाजाराच्या दिवशी, मी पत्रकं वाटली. बेदाण्याच्या सौद्याला आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वाचली, ट्रॅक्टरवाल्यांनी वाचली, रसवंतीवाल्यानं खांबाला चिकटवली. तासगावात कुणाच्या शेडच्या कोपऱ्यात लाल गाडी होती हे सांगायला नाव लागत नव्हतं. दुपारपर्यंत लोक भाऊंना विचारायला लागले, "काय भाऊ, यंदा ब्रेकचा बेदाणा केला म्हणं?" संध्याकाळी भाऊ आमच्या दारात आले. पहिल्यांदाच चप्पल न काढता उंबऱ्यावर उभे राहिले.

"उस्ताद, पोरीनं माझी आब्रू चव्हाट्यावर मांडली."

अब्बा उठून उभे राहिले. मी म्हटलं, "आपाची मांडली तेव्हा तुम्ही मोबाईल बंद ठेवला होता का?"

"नसीम!" अम्मी.

"बोलू द्या तिला," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "आवं, मी काय मुद्दाम केलं व्हय? लेकरागत पोरी ह्या. पन मी चौकीत जाऊन सांगू काय, का माझ्या पूजेनं घाटात माणसाचा हात मोडला? त्या शेडात माझ्या बापानं नारळ फोडलाय, आज्यानं फोडलाय." मग ते आपाकडं वळले. "शाहीन, मी येतो साताऱ्याला. त्या गाडेवाल्याचं औषधपाणी माझ्याकडं. जबाब असा लिहूया, का शेडात गाडी उभी असताना कुनीतरी, वळखीचं न्हाई आसं, चुकीचं तेल घातलं. तू बी सुटशील, उस्ताद बी. माझं नाव नगं, पूजेचं नगं."

मी म्हणाले, हे चालणार नाही. आपा म्हणाली, "चालंल."

साताऱ्याच्या त्या चौकीत या वेळी सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या. भाऊंना ओळखणारं कुणीतरी निघालं, चहा आला. कणसंवाला हात गळ्यात बांधून आला होता, तो म्हणाला, "पोरीनं डोंगराला घातली म्हणून जीपमदली माणसं जगली, माझं काय म्हणनं न्हाई." हवालदारांनी फुगलेलं रबर उलटसुलट करून बघितलं, मान डोलावली आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. कोणा अज्ञात इसमाने अनवधानाने. अज्ञात इसम माझ्या समोर बसून बशीतून चहा पीत होता. वाचून झाल्यावर त्यानं मान हलवली, जणू काही त्यालाही त्या इसमाचं आश्चर्य वाटलं. अब्बांनी सही केली, आपानं सही केली. माझ्यापुढं कागद आला, साक्षीदार म्हणून. मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर गेले.

आपा मागून आली. रस्त्यापलीकडं एस.टी. वळत होती, ती तिकडंच बघत म्हणाली, "तुला भांडण जिंकायचंय, नसीम. मला बस चालवायचीय."

"खोटं लिहून?"

"तेल घातलं ही खरं. चुकून घातलं ही खरं. कुनी घातलं तेवढं राहिलं. ती मला नोकरीत कुनी इचारणार न्हाई." मग माझ्याकडं वळून, पहिल्यांदा चिडून: "मी गाडी डोंगराला घातली तवा तू काय करत हुतीस? वरडत हुतीस. वरडू नको म्हनले का मी? न्हाई. तू वरड. पन स्टिअरिंग माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

मी सही केली नाही. माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. ते एक मात्र मला त्या दिवशी नीट कळलं, की खऱ्याला साक्षीदार लागतो, तडजोडीला नाही. आपाला बोलावणं आलं. अब्बा अजून त्याच शेडच्या कोपऱ्यात ब्लोअर उघडतात. लाल गाडी त्यांनी पुन्हा सरळ केली, पण डबीच्या झाकणाला आता बारकं कुलूप असतं आणि भाऊ ते बघून न बघितल्यासारखं करतात. मुहूर्ताचं तेल अजून दिलं जातं. सगळं कसं छान चाललंय. लोक मला सांगतात, बघ, तुझ्या बहिणीनं किती शहाणपणानं घेतलं. आणि मी त्यांना विचारते, शहाणपण नेहमी आमच्याच घरानं का घ्यायचं?  मग विषय पावसावर नाहीतर द्राक्षाच्या भावावर जातो.

मागच्या महिन्यात मी पलूसहून तासगावला येत होते. बस आपाची होती; खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आरशात मला एकदा बघून तिनं भुवई उडवली, बस्स. मी दाराजवळच्या दोन सीटांवर बसले होते, शेजारी माझी पत्रकांची पिशवी. बाकीच्या सगळ्या सीटा भरलेल्या. एका बागेच्या फाट्यावर, जिथं थांबा नाही तिथं, एक म्हातारा काठी वर करून उभा होता. भाऊ. आता वाकलेत. आपानं बस थांबवली. इतकी हलकी थांबवली की दारातल्या कंडक्टरनं दांडासुद्धा धरला नाही. ते धापा टाकत चढले, "जगवलंस गं बाई," असं तिला म्हणाले, ती हसून म्हणाली, "बसा भाऊ, आत जागा हाय." त्यांनी मागं नजर टाकली. रिकामी जागा एकच होती, आणि तिच्यावर माझी पिशवी होती. त्यांनी मला ओळखलं. "बाळ," म्हणाले.

आपा आरशातून बघत होती. गाडी सुरू करायची थांबली होती. मी पिशवी उचलली नाही.